किमान दहा अक्षरं

कोपरच्या बंदरात, दुसऱ्या मजल्यावर,
मिलोयका बसते तीन पडद्यांसमोर.
उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय
ते तिला कुणी शिकवायला नको:
शेळ्या शियामेनला, कुरण ग्रात्सला,
आणि उंट हा असा, चाकांच्या खुर्चीचा.
डावं चाक जरा कुरकुरतं.

पूर्वी ती धक्क्यावर कॉफीची पोती मोजायची.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी,
पेन्सिल कानामागे, बोटांना तागाचा वास.
आता पोती दिसत नाहीत. ठिपके दिसतात.
हिरवा म्हणजे वेळेवर, पिवळा म्हणजे बघू,
लाल म्हणजे वाल्बुर्गाबाईंचा फोन.

वाल्बुर्गाबाई ग्रात्सच्या एका गॅरेजातून
मिरी दळायच्या गिरण्या विकतात, ऑनलाइन,
लाकडी, हाताने फिरवायच्या.
अकराशे चाळीस नग एका कंटेनरात,
आणि बारा बंदरांचं पाणी प्यायलेला तो कंटेनर
आज दुपारी दोन दहाला उतरणार
असं सिस्टीम म्हणते.

सिस्टीमला सगळं ठाऊक.
जहाजाचा वेग, सीलचा नंबर,
ब्लागोया ड्रायव्हर कुठल्या पंपावर किती मिनिटं जेवला.
लिंट्समधल्या कुणी एकाने
आपली गिरणी कुठवर आली हे काल नऊ वेळा पाहिलं,
तेसुद्धा.

साडेनऊला मिलोयका खिडकीशी गेली.
दूर कार्स्टच्या कड्यावर
ढगाची पांढरी पट्टी बसली होती,
पातेल्याच्या काठाला साय धरावी तशी. हलत नव्हती.
तिचा बाप याच धक्क्यावर क्रेन चालवायचा.
असा ढग दिसला की
अर्धा डबा तसाच ठेवून खाली उतरायचा.

तिने तीन ट्रक मागे फिरवले.
गुरुवारचे स्लॉट घेतले.
इथे घोडं पेंड खाऊ लागलं.
बदलाचं कारण? सिस्टीमने विचारलं,
आणि अकरा कारणांची यादी उलगडली:
कस्टम्स, अपुरे कागद, संप, यंत्रबिघाड…
'हवामान' निवडलं, तर म्हणे हवामान सामान्य आहे.
आणि खरंच, पडद्यावर सूर्य होता,
पिवळा, गोल, हसरा.

उरलं 'इतर'. त्याखाली रिकामी चौकट.
तिने लिहिलं: बुर्या.
त्या वाऱ्याचं तिच्या भाषेत एवढंच नाव.
चौकट लाल झाली. किमान दहा अक्षरं हवीत.
तिच्या लिपीत पाचच भरत होती.
मिलोयकाने चष्मा पुसला आणि लिहिलं:
बुर्या बुर्या.
हिरवं.

शेजारचा शिकाऊ यर्नेय हसला.
साडेबाराला हसायचा थांबला.
खिडक्या दात वाजवू लागल्या,
कचऱ्याचं पिंप एकटंच रस्ता ओलांडून गेलं,
क्रेनी हात वर करून उभ्या राहिल्या.
दोन दहाला काहीच उतरलं नाही.
फोन वाजला.
मिलोयका काही बोलली नाही, रिसीव्हर खिडकीच्या फटीशी धरला,
बराच वेळ.
'बरं, मग गुरुवारी,' वाल्बुर्गाबाई म्हणाल्या.

मार्चात नवी आवृत्ती आली.
यादीत आता बारा कारणं.
बारावं कुणी मुद्दाम घातलं नव्हतं;
सिस्टीम आपली आपण शिकते, बोटांच्या सवयीवरून.
मग ब्राझीलमध्ये, सांतुसला,
एव्हेराल्दो नावाच्या कारकुनाने ते निवडलं.
तिथे वारा नव्हता. क्रेनवाल्याच्या बायकोला
कळा सुरू झाल्या होत्या, पहाटे, तीन आठवडे आधी.
मोंबासात कुणी निवडलं, बुसानमध्ये कुणी.
काय काय झालं असेल, देव जाणे.

एव्हेराल्दोने निरोप धाडला:
हे बुर्या बुर्या म्हणजे नक्की काय?
मिलोयकाने लिहायला घेतलं. ढग. बाप. डबा.
खोडलं.
बाहेर त्या दिवशी पानही हलत नव्हतं.

तिच्या टेबलावर एक गिरणी आहे,
ट्रॅकिंग नंबर नसलेली,
ब्लागोयाच्या डॅशबोर्डवर बसून ग्रात्सहून आलेली.
उत्तर सुचेना की ती तिचा दांडा फिरवते.
आत मिरी भरायची अजून राहिलीच आहे.