शिट्टी थांबेपर्यंत

टाकी भरताना शिट्टी वाजते.
तळघरात तेल चढत जातं, कोंडलेली हवा नळीतून बाहेर पडते
आणि मी बर्फात होस धरून ऐकत उभा.
शिट्टी थांबली की टाकी भरली.
या कानांवर मी एकतीस हिवाळे पोट भरलं,
मेनच्या पार उत्तर टोकाला,
नदीपलीकडे कॅनडाचे दिवे दिसतात तिथे.

ओदील सीरच्या घराची शिट्टी किनरी.
पेल्तिएंची दमेकरी.
बटाट्याच्या गोदामामागच्या घराची तर मधेच बुडते, पुन्हा वर येते,
पोहता न येणाऱ्या पोरासारखी.

पहिला डबा फर्लांच्या भिंतीवर लागला.
पांढरा, सूटकेसएवढा, आत एक पंखा.
बाहेरच्या थंडीतूनच ऊब काढतो म्हणे.
कॉफीच्या दुकानात आम्ही हसून बेजार.
ल्युसियाँ पेल्तिए म्हणाला,
"म्हणजे रिकाम्या खिशातून सुट्टे पैसे!
येऊ दे उणे तीसची रात्र."

आली. एक नाही, लागोपाठ तीन.
नदीवरचा बर्फ तडकत होता, बंदुकीसारखा,
आणि अख्खी गल्ली फर्लांच्या खिडकीवर डोळे लावून.
फर्लां बनियनवर आला, पडदा सारला, गेला.
बस्स, एवढंच.
त्या रात्री त्यानं लाकडाची शेगडीही पेटवली होती,
हे फार उशिरा कळलं.
तोवर ते बनियन गावभर झालं होतं.

मग फोन येऊ लागले.
लोक ठरलेलं लग्न मोडल्यासारखे चाचरत बोलायचे.
"तसं नाही रे, रेनाल्द, पण भाव बघ ना तेलाचा..."
ओदीलनं तर आधी घरात बोलावून पाय खायला घातला,
ब्लूबेरीचा, गरम,
आणि मी दुसरा तुकडा घेतल्यावर सांगितलं.
"अर्धी टाकी मात्र राहू दे," म्हणाली,
"वेळ काय सांगून येते?"
अर्धी टाकी. माझ्या वहीत आता सगळी अर्धीच घरं.

ल्युसियाँकडे गेलो तर भिंतीवर दोन डबे,
वर बर्फ साचू नये म्हणून छोटं छप्पर,
कौलं लावून, स्वतःच्या हातानं,
मेलेल्या कुत्र्याला कधी बांधलं नव्हतं असं.
मी काही विचारलं नाही.
"बायकोनं बसवलं," तो म्हणाला.
या गावात सगळे डबे बायकांनीच बसवलेत.

माझ्याही घरी.
लोरेननं ना पृथ्वीचं नाव काढलं, ना सरकारी सवलतीचं.
म्हणाली, "तुझ्या हातांचा वास मी चालवून घेतला.
तळघराचा आता नाही चालवून घेणार."

टाकी कापून नेली त्या दिवशी
सिमेंटवर एक काळा चौकोन उरला.
घासला. अजून आहे.

डबा रात्रभर गुणगुणतो.
वाईट नाही आवाज, पण त्याला शेवट नाही.
भरलं असं तो कधी म्हणतच नाही.
मी अंथरुणात पडून ऐकत राहतो, सवयीनं.

काल पहाटे तो अचानक थांबला.
मी बूट न बांधता धावत बाहेर.
डबा स्वतःवरचा बर्फ वितळवत होता,
वाफ निघत होती भसाभस,
अंधारात नुकत्याच धावून आलेल्या घोड्यासारखी.
क्षणभर काहीच ऐकू येईना.
आणि माझा हात, बघा,
नळी बंद करायला पुढे झालेला.