दोन टिंबं, एक तिरपी रेघ

पतसंस्थेचं लॉगिन उघडत नाही म्हणून
सकाळपासून हेडाऊंचे सात फोन.
"मॅडम, पासवर्ड टाकला का पान पांढरं होऊन रायलं.
काल तं चांगलं होतं."
काल ते माझ्या लॅपटॉपवर होतं, हेडाऊ,
आज सर्व्हरवर आहे.
एवढंच झालंय. एवढंच पुरतं.

नंदनवनात झेरॉक्सच्या दुकानावरची खोली.
कूलरची वाळ्याची ताटी अर्धी कोरडी,
मोटर पाणी ओढते आणि मधेच विसरते.
मी ओळ चार वाचते.
ओळ चार म्हणते, फाइल सापडली नाही.
फाइल आहे. मला दिसतेय,
फोल्डरात, तीन वर्षं जुनी, शेंद्रेने लिहिलेली.
शेंद्रे आता पुण्यात असतो
आणि फोन उचलत नाही.

त्याने लिहून ठेवलंय
दोन टिंबं, एक तिरपी रेघ,
म्हणजे एक घर मागे ये,
मग शेजारच्या खोलीतून कॉन्फिग आण.
बरोबर आहे.
पण मागे म्हणजे कुणाच्या मागे
हे कुठेच लिहिलं नाही.

मी टिंबांची एक जोडी वाढवते,
मुखपृष्ठ चालतं, अ‍ॅडमिन कोसळतं.
जोडी काढते,
अ‍ॅडमिन उठून बसतं, मुखपृष्ठ पांढरं.
त्यात कॉन्फिगचा सी त्याने कुठे मोठा काढलाय, कुठे लहान.
माझ्या विंडोजला दोन्ही सारखेच,
सर्व्हर मात्र रेशन कार्डावरची वेलांटी पाहणारा बाबू :
हे नाव वेगळं आहे, बाई.
नाव नीट केलं.
पान तरीही पांढरं, उन्हातल्या चुनखडीच्या भिंतीसारखं,
बघवत नाही.

दोन वाजता बोकडेंचा फोन.
पतसंस्थेचे शिपाई, सभासदांचं रजिस्टर घेऊन निघालेत
गोळीबार चौकातून, सायकलवर, या उन्हात.
"कसं येऊ जी?"
"सरळ या, डावीकडे वळा, मग मागच्या गल्लीत."
थोड्या वेळाने परत.
"डावीकडंच वळलो ना. इथं तं नाग नदी लागली."
"तुम्ही उभे कुठे आहात?"
"थेच तं तुमी आधी इचारलं नाई, बाई."

फोन तसाच कानाला.
डावी बाजू माझी होती, सायकल त्यांची.

"मंग झिरो माइलावरून सांगत जा ना," बोकडे म्हणतात,
"थ्या दगडावरून तं म्हणे अख्ख्या देशाचं अंतर मोजत."
शेंद्रेने तेही करून पाहिलं होतं एका फाइलीत.
सी ड्राइव्ह, मग त्याचं स्वतःचं नाव,
डेस्कटॉप, नवीन, नवीन फायनल, नवीन फायनल दोन,
संपूर्ण पत्ता, पिनकोड तेवढा राहिला होता.
त्या पत्त्यावर आता कुणी राहत नाही.

मग बसले.
एकेका फाइलीला सांगितलं,
तुला हाक कुठून आली ते सोड,
तू स्वतः जिथे आहेस तिथून मोज.
त्यासाठी एक लहानसा शब्द असतो,
मागेपुढे दोन-दोन आडव्या रेघा खाली पसरलेल्या.
तेवीस फाइली, तेवीस वेळा तोच शब्द.
सतराव्या फाइलीत शेंद्रेची एक टीप सापडली :
हे का चालतं माहीत नाही, हात लावू नये.
मी लावला.

बोकडे पोचले तेव्हा रजिस्टर छातीशी धरलेलं,
दुपट्टा डोक्यावरून कानांवर आवळलेला.
माठातलं पाणी दोन पेले उभ्याउभ्याच प्याले,
मग विचारलं, "झालं का जी?"
बघू, म्हटलं.

तेवढ्यात हेडाऊंचा आठवा.
"मॅडम, आता पान आलं,
पण पासवर्ड चुकला म्हणून रायलं."
इतकं गोड वाक्य मी आठवडाभरात ऐकलं नव्हतं.
"परत टाका," मी म्हटलं, "हळू टाका.
चूक आता तुमची आहे."