डाव्यांचं खोकं

शून्य ते दहा, किती दुखतं?
जुबैलच्या क्लिनिकमध्ये डॉक्टरनं विचारलं.
मी म्हणालो, चार.
सात म्हटलं असतं तर कागदावर ‘अनफिट’ उमटलं असतं
आणि बाणकोटच्या घरावर अजून स्लॅब पडायचाय.

फोरमन वर्गीसला सांगितलं, दोन.
तस्नीमला सांगितलं, काही नाही गं,
एसीच्या वाऱ्यानं आखडलाय जरा.
रात्री कॅम्पात, वरच्या बर्थवर रोमेल घोरत असताना
खांद्यापासून करंगळीपर्यंत
कुणीतरी विझलेला रॉड पुन्हा पेटवतं.
तेव्हा मोजायला दहा बोटं असतात,
त्यातली पाच तक्रारदार.

एक्स-रे स्वच्छ आला.
सतरा वर्षं माझ्या जोडांचेही एक्स-रे निघाले,
पाइपामागून पाइप, असेच स्वच्छ.
तेव्हा कुणी म्हणालं नव्हतं, सोंग आहे.

मेसमध्ये कुणीसं बोललं,
सारंगला सावली मानवायला लागली.
सगळे हसले. मीही हसलो,
डाल वाढायचा चमचा डाव्या हातात घेऊन.

आता मी स्टोअरमध्ये.
पगारात तीनशे रियाल कमी, ओव्हरटाइम बंद.
खिडकीतून हेल्मेट देतो, मोजे देतो, सह्या घेतो.
माझी सही तिसरीतल्या पोरासारखी, रेघेबाहेर.
काम हलकं आहे.
हलक्या कामात विचाराला जागा फार,
आणि विचार आला की हात जागा होतो.
घरून फोन आला नाही की ठणकतो.
करार संपायच्या महिन्यात
मनगटापाशी मुंग्यांचं वारूळ.
हे डॉक्टरला सांगायचं राहिलं.
त्याच्या फॉर्मवर नुसत्या हाताचं चित्र होतं,
कोपरापर्यंत.

वेल्डरचा उजवा मोजा आधी जळतो.
पोरं येतात, जोडी बदलून नेतात,
डावा जवळजवळ कोराच परत येतो.
टाकायचा नियम आहे.
मी खोक्यात ठेवतो. खोकं भरत आलंय.

काल नवा पोरगा आला, दीपेंद्र, धनकुट्याचा.
मोजे त्यानं डाव्या हातानं उचलले.
किती? मी विचारलं.
शून्य, म्हणाला. फार पटकन म्हणाला.
मी स्टूल पायानं पुढे सरकवलं,
बस, इथे फॉर्म नसतो.
तो बसला नाही, भोंगा झाला होता.

मग बराच वेळ रजिस्टर बघत राहिलो.
सही सरळ होती, अगदी रेघेवर.
शेवटच्या अक्षराशी
पेन इतकं दाबलेलं
की मागचं पानही उमटलं होतं.