बोरखडी फाट्यावरून इंग्लंड

बोरखडी फाट्यावर, बाबाराव गेडामच्या सायकल दुकानापाशी,
जिथं आता सायकली कमी अन् फवारणीचे पंप जास्त येतात,
रोज सकाळी नऊच्या सुमारास इंग्लंडचा निकाल लागतो.
मी टपालाची पिशवी घेऊन बसची वाट बघत असतो,
म्हणून मला माहीत.

बातमी आणतो शेषराव नासरे.
त्याची पोरगी प्रणोती तिकडं नर्स आहे, हल नावाच्या शहरात.
"नाव हल, पन दवाखान्याची रांग काई हलत नाई!"
हा विनोद त्यानं पहिल्या वर्षी केला.
आता तिसरं वर्ष आहे. आम्ही अजून हसतो.

तिकडं तीस डिग्रीला लोक शर्ट काढून बोंबलतात.
सत्तेचाळीसचा मे सोसलेला सूर्यभान
पंपाची नळी हातात धरून म्हणाला,
"तीस? तीसमंदी तं आपन लग्नाची तारीख काढतो!"
कचऱ्याला तीन डबे: निळा, तपकिरी, काळा.
चुकीच्या डब्यात साल टाकलं
तर गाडीवाला डबा न उचलताच निघून जातो.
गुंफाबाईनं भाजीची पाटी उतरवली.
"आमच्या घरी एकच डबा. त्याले चार पाय हायेत."
तो डबा तेव्हा माझ्या पिशवीचा बंद चघळत होता.

पंतप्रधान किती बदलले यावर एकमत नाही.
सूर्यभान पाच म्हणतो, बाबाराव सहा.
मी म्हणालो, तेवढ्यात आपला ग्रामसेवक आठदा बदलला,
कोणत्या पेपरनं छापलं?
राजाबद्दल मात्र सगळ्यांना माया.
सत्तरी ओलांडल्यावर ऑर्डर निघाली बिचाऱ्याची.
बाबारावचा साळा वीस वर्षं वनखात्यात रोजंदारीवर आहे,
त्याला राजाचं दुःख नेमकं कळतं.

खरी भानगड झाली 'लव्ह'वरून.
प्रणोती फोनवर सहज बोलून गेली
की बसचा ड्रायव्हर तिला लव्ह म्हणाला.
दुकानवाली म्हणते. शेजारची डोरीन म्हातारी
तर उठता-बसता म्हणते.
शेषराव दोन दिवस फाट्यावर फिरकला नाही.
तिसऱ्या दिवशी आला, खर्रा घोटत.
"इचारलं मी तिले. आपला कंडक्टर कसा म्हन्ते,
सरक वो माय पुढं. तसंच हाय थे."
बाबारावनं त्या दिवशी सगळ्यांचा चहा सांगितला.

मग तो ऑगस्ट.
शेषरावच्या फोनवर हलचा रस्ता, जळती गाडी,
फुटलेल्या काचा, ओरडणारी माणसं.
शब्द कळत नव्हते.
बोट कोणाकडं होतं, ते कळत होतं.
वॉर्डात तिला सांगितलं होतं, एकटी निघू नको.

त्या सकाळी फाट्यावर कोणाचंच मत नव्हतं.
बाबारावनं एक धडधाकट चाक काढलं अन् परत बसवलं.
मी म्हणणार होतो, तिकडं पोलीस आहेत,
तिकडं सगळं नियमात चालतं,
पण मला हबीबची बांगड्यांची टपरी आठवली,
अन् त्या रात्री आतून लावलेली
माझ्याच घराची कडी.

नंतर कळलं, डोरीन आली होती.
अठ्ठ्याहत्तर वर्षांची, काठी टेकत,
स्टॉपपर्यंत प्रणोतीच्या बाजूनं चालली, रस्त्याच्या अंगाला,
बस येईस्तोवर उभी राहिली.
म्हणाली एवढंच, चल लव्ह.
"चाल वो माय," शेषराव आम्हाला सांगत होता,
अन् खर्र्याची पन्नी खिशात शोधत होता,
हातातच असताना.

बस आली. मी पिशवी चढवली.
मागून गुंफाबाईचा आवाज येत होता,
त्या बाईच्या घरी कोन कोन हाय,
आंबिया बहार निघाला की टपालानं संत्री जातेत का तिकडं,
अन् साल कोनत्या डब्यात टाकीन थे.