तारेवरचा तराफा

साइमाकाठचा खडीचा रस्ता दात वाजवत नेतो.
बर्चमागे तळं, तळ्यामागे पुन्हा बर्च,
आणि ओंडक्यांचा ट्रक गेला की
किलोमीटरभर नुसता धुरळा, जिभेवर.

हेन्नाची चेन तीनदा उतरली. तिची बोटं
ग्रीसनं काळी, ब्लूबेरीनं जांभळी;
कुठलं कशानं, तिलाही सांगता येईना.

मग रस्ता सरळ पाण्यात शिरला.

घंटा वाजवली. पलीकडून ताउनो निघाला,
तार धरून, सावकाश.
सायकली आडव्या टाकल्या. पैसे नकोत म्हणाला.
"हिवाळ्यात काय करता?"
"घरी बसतो.
तेव्हा तळंच रस्ता होतं."

मधोमध आलो तरी
तळहात थरथरतच होते.
खडी संपल्याचं
त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.