पाणघोड्याचा दात

वाळूच्या ट्रॅक्टरवाल्यानं आणून दिला.
मांजरेच्या पात्रात, पुलाखालच्या वळणावर
लई खोल खणल्यावर लागला म्हणाला,
"मास्तर, राक्षसाचा हाय का बगा."
बाबांनी सदऱ्याच्या टोकानं पुसला
आणि ठेवला शास्त्राच्या कपाटात,
बाप्तिस्म्याच्या रजिस्टराला टेकवून.

मी तेव्हा नुकतीच उदगीरला लागले होते,
दहावी ब, विषय विज्ञान.
शनिवारच्या एसटीनं आले, दात पाहिला
आणि चप्पलसुद्धा न काढता म्हणाले,
"बाबा, पाणघोडा आहे हा.
आपल्या नदीत पाणघोडे डुंबायचे,
तुम्ही जगाला जेवढं वय देता
त्याच्या कितीतरी आधी."

बाबांनी बोटांची पेरं मोजली.
आदामापासून नोहापर्यंत,
नोहापासून अब्राहामापर्यंत,
डाव्या हातावरून उजव्यावर, पुन्हा डाव्यावर.
पेरं संपली. दात तिथंच होता.
"मग तारवात चढला नसंल," ते म्हणाले.
आई भाकरी थापता थापता म्हणाली,
"कामून चढंल? त्याला पोहता येतंय की."

त्या वर्षी आमच्यात दर शनिवारी हेच.
मी फळ्यावर काढतात तसं झाड काढायचे,
जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला, फांद्या-फांद्यांचं;
ते त्यावर चष्म्याची डबी ठेवायचे.
सहा दिवस म्हणजे सहा दिवस.
मी म्हणायचे, सूर्य तर चौथ्या दिवशी,
मग पहिले तीन दिवस मोजले कुणी?
ते म्हणायचे, ज्यानं केले त्यानं.

एकदा मात्र डबी उचलली नाही.
अंगणात बसले होते, पाय गार पाण्यात.
"सुवार्ता, माज्या बापाला
या गावानं माणसात धरलं नव्हतं.
मेलेलं ढोर ओढायचं, आन् आडावर
लांब हुबं राहून वंजळ धरायची.
मग सायकलीवर एक माणूस आला,
चिंचेखाली बसून वाचून दाखवलं त्यानं,
की तू मातीचा हायस, पन देवाच्या रूपाचा.
माझा बाप तिथंच रडला म्हनं.
पहिल्यांदा कुनीतरी त्याला माणूस म्हनलं.
आन् आता तू शिकून आलीस
आन् म्हनतीस, जनावरापासून."

माझ्याकडं आकडे होते, हाडं होती,
कवट्यांची चित्रं होती ओळीनं लावलेली.
एकही बाहेर काढवेना.
बऱ्याच वेळानं एवढंच सुचलं,
"बाबा, पाटलाचा आजाही तिथनंच आलाय."

ते बघत राहिले.
मग पाण्यातला एक पाय हलला,
मग खांदे, मग अख्खी खुर्ची.
इतके हसले, इतके हसले
की शेजारच्या एस्तेरकाकू भिंतीवरून डोकावल्या.
"पाटलाचाबी?"
"पाटलाचाबी. देशमुखाचाबी."
डोळे पुसत म्हणाले, "हे आधी नाही का सांगायचं?"
पण रविवारी चॅपेलात
सहा दिवसांवरच बोलले, नेहमीसारखं,
फक्त माझ्याकडं बघायचं टाळून.

शब्दकोशात उत्क्रांती आधी येते,
उत्पत्ती थोडी पुढं.
मधे कुठंतरी उत्तर लागतं.
पण उत्तर ही एक दिशाही आहे,
चॅपेलचं दार तिकडंच उघडतं,
आणि उन्हाळ्यात तिथून नदी दिसते,
म्हणजे नदीची वाळू,
म्हणजे वाळू नेल्यावरचे खड्डे.

बाबा जाऊन आठ वर्षं झाली.
परवा कपाट आवरलं. वाळवी लागलेलं.
रजिस्टर निम्मं खाल्लेलं,
आजाच्या नावाचं पान कसंबसं वाचलं.
दाताला काही झालेलं नाही.
त्याला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी सापडली,
मिशनच्या शाळेतलं तेच वळणदार अक्षर :
मांजरा नदी, पुलाखाली.
पाणघोडा.
आदामाकडून नाव द्यायचं राहिलं असावं.
वय : सुवार्तास विचारणे.

दात आता उदगीरला, माझ्या टेबलावर असतो.
पोरं हातात घेतात, जड आहे म्हणतात.
नेमका आकडा काढून देणारे लोक आहेत पुण्याला,
पत्ताही आहे माझ्याकडं.
चिठ्ठीवरच्या शेवटच्या ओळीपुढं
मी अजून काही लिहिलेलं नाही.