आठ

शाळेची बस चाळीस किलोमीटर अलीकडूनच वळते.
सस्कॅचवानच्या या टोकाला
फ्रिजचं दार आमचा फळा.
दार्का खडू मुठीत धरते;
बोटं भिजवलेल्या कणकेसारखी,
घाई केली की रुसतात.

डॉक्टरांनी मोजलं होतं: एक गुणसूत्र जास्त.
ती मोजते तेव्हा एक आकडा कमी.
तीन हिवाळे अंडी मोजतोय,
पाच, सहा, सात, नऊ,
आठवरून उडी, डबक्यावरून मारावी तशी,
आणि पलीकडे पोचून हसते.
एकदा मी ट्रेच आपटला.
फरशीवरचं बलक पुसताना
तिनंच माझी पाठ थोपटली.

काल रात्री कोल्हा येऊन गेला.
बर्फात पिसं, थोडं लाल.
खुराड्यात वाकून ती
एकेका कोंबडीच्या पाठीवर हात ठेवत गेली.
पाच. सहा. सात.
मग थांबली.
शेवटच्या पाठीवरचा हात काढलाच नाही.

"आठ."

आणि वळून माझ्याकडे पाहिलं.
तीन हिवाळ्यांत पहिल्यांदा बरोबर,
आणि मी, तिची बाई, तिची आई,
मनात म्हणत होते,
नऊ म्हण गं,
आज तरी नऊच म्हण.